कोरडी बशी

माझ्या फजितीचे किस्से सुरतेच्या कतारगामात कुणालाही विचारा. भाड्याच्या सायकलवरून थेट म्हशीच्या अंगावर गेलो तो. सासरी पहिल्या पंगतीला वाढप्यालाच सासरे समजून वाकून नमस्कार केला तो. ते मी स्वतःच सांगत सुटतो, हातवारे करून, कुणी नको म्हटलं तरी. चहाच्या बशीचा किस्साही सांगतो. लोक पोट धरून हसतात.

पण तो मी अर्धाच सांगतो. उरलेला अर्धा आजवर या तोंडातून निघालेला नाही. माझ्या बायकोजवळ, सुमनजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. बसा जरा. आधी हसायचा भाग येतो, तो सोपा आहे.

मी साड्यांची डिझाइनं काढतो. म्हणजे चौकटीचौकटीच्या कागदावर बारीक कुंचल्याने एकेक घर रंगवायचं. त्या घरांवरून पुढे पुठ्ठ्यांना भोकं पडतात आणि त्या भोकांच्या हुकमाने मागावर मोर उमटतो. एक घर चुकलं की मोराची चोच वाकडी — आणि ती एका साडीवर नव्हे, निघतील तितक्या साड्यांवर. थोडक्यात काय, हात हीच माझी भाकरी.

आणि झोप? ती अमळनेरलाच राहिली. सुरतेत आलो तेव्हा आमच्या खोलीच्या समोर माग, मागे माग, आणि माग कधी झोपत नाहीत. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, ‘थोडे दिवस’. थोडे म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. औषधवाला ओळखीचा झाला, मग मित्र झाला. एकीच्या दोन झाल्या. गोळी चुकली की हात कापायचा, घेतली की दिवसभर पेंग. एका दुपारी ओल्या कागदावरच डोकं टेकून झोपलो आणि गालावर हिरवा मोर घेऊन उठलो. सगळा कारखाना हसला. मीही हसलो. तोच गाल घेऊन घरी गेलो, तर सुमन मात्र हसली नाही. तिने पदराने गाल पुसला आणि मला दुसऱ्या, म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी गोळी एकदम तोडली नाही, पाव-पाव करत उतरवली. सुमनला बजावलं, ‘‘एने एकलो नहीं मूकता, बेन.’’ एकटं सोडू नका, झटका येऊ शकतो. कामावर कधी जाऊ म्हणून विचारलं, तर म्हणाले, हात ठरला की जा. कधी ठरेल? ते हातालाच विचार.

आता हाताला विचारायचं कसं? तोडगा काढला चंपाबेननी. चंपाबेन म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. खाली राहायच्या, पण आवाज वरच्या मजल्यावर राहायचा. त्यांचा नियम असा: भरलेला कप बशीसकट उचलायचा, स्वयंपाकघरातून निघायचं, उंबरा ओलांडून बाहेरच्या हिंचक्यापर्यंत, म्हणजे झोपाळ्यापर्यंत, यायचं. बशी कोरडी, तर कामावर. ओली, तर हिंचक्यावर.

रोज सकाळी परीक्षा. पहिले कित्येक दिवस कपापेक्षा बशीतच चहा जास्त; मी बशीच पीत असे. अंगातून घाम निथळायचा, पायांवरून मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, आणि सुमन माझा हात आपल्या मांडीवर दाबून बसायची, उडणारं पाखरू धरून ठेवावं तशी. एकदा मी हट्टाने कागद मागवून मोर काढला. चंपाबेननी तो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘वाह भाई, मरघी तो बहु सरस छे!’’ कोंबडी फारच छान जमली होती म्हणे.

इथवरचं मी चारचौघांत सांगतो. शेवटी जोडून देतो — मग एके दिवशी चमत्कार झाला, बशी कोरडी राहिली, चंपाबेननी पेढे वाटले. टाळ्या.

पण तुम्ही थांबा. एक गोष्ट मी त्यात कधी घालत नाही — शाळा.

सुमनने लग्नाआधी धुळ्याला मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं केलं होतं. सुरतेत येऊन ते पेटीच्या तळाशी गेलं होतं. त्या वर्षी मराठी शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आमचा जिना चढून आल्या. पहिलीच्या वर्गाला बाई हवी होती. मागवाल्यांची पोरं शाळेत येतात, ‘माले घर जानं शे’ म्हणून अहिराणीत रडतात, आणि बाईंना कळत नाही पोर का रडतंय. तुम्ही खानदेशच्या, तुम्ही या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल, तोवर जागा धरून ठेवते.

सुमनचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. नाही — मीच नीट पाहायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी थापता थापता पिठाच्या डब्याला शिकवू लागली. डब्याने उत्तर चुकवलं की त्याला टपली. दोन सुती साड्यांना खळ घालून, घडी करून पेटीवर ठेवल्या. पण मला एका शब्दाने म्हणाली नाही, की लवकर बरे व्हा. मी कामावर गेलो तरच ती शाळेत जाणार, हे उघड होतं. कारखान्यात दहा माणसं आजूबाजूला, घरी कोण? चंपाबेन म्हणत, ‘‘हूं बेठी छूं ने! तू जा.’’ मी बसलेय ना, म्हणून. त्यावर सुमन हसून म्हणे, ‘‘बा, दुपारची तुमची झोप यांच्या गोळ्यांपेक्षा भारी.’’

ते खरंच होतं. एका दुपारी सुमन दळण आणायला गेली, मला चंपाबेनच्या हवाली करून. त्या भिंतीला टेकून घोरत होत्या. माझ्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं. सुई घेतली, दोरा घेतला — आणि दोरा पहिल्याच झटक्यात नेढ्यातून पार. मी सुईकडे बघतच राहिलो. बटण शिवलं. चार टाके, एकावर एक, माझ्या जुन्या मोराच्या डोळ्यासारखे.

आनंद झाला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? मला धडकी भरली.

कारण आता जावं लागणार. त्या हसणाऱ्या कारखान्यात, गोळ्या खाणारा म्हणून. कागद समोर येणार, आणि त्यावर पुन्हा कोंबडी उतरली तर? आणि दुसरंही होतं. इतकी माया मला जन्मात कुणी केली नव्हती. ती शाळेत गेली की माझा हात मांडीवर घेऊन कोण बसणार? ती ‘बाई’ होणार, पोरं तिच्या मागे धावणार, आणि मी कोण? बाईंचा तो आजारी नवरा.

जिन्यात चप्पल वाजली. मी दाताने टाके तोडले, दोरा काढला, बटण पुन्हा लोंबतं सोडलं. संध्याकाळी तिने ते शिवलं. मी तिच्याकडे बघत बसलो होतो.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी चहा सांडू लागलो. मुद्दाम. खरा थरथरणारा हात सांडतो कसा, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? उंबऱ्याशी एक बारीक हिसका, की झालं. चंपाबेन चुकचुकत, सुमन फडकं घेऊन येई. राहू द्या हो, हात आहे, यंत्र नाही, म्हणे.

शाळा उघडायची सकाळ आली. ती न्हाऊन, खळीची साडी नेसून चुलीपाशी बसली होती. कुठे निघालीस असं मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिने कप माझ्या हातात दिला आणि मी खाली पाहिलं.

कप भरलेला नव्हता. बोटभर कमी होता.

सुमनने — जी भाजीवाल्याने चुकून जास्त टाकलेली मिरचीही परत करायची, त्या सुमनने — परीक्षेत लबाडी केली होती. माझ्या बाजूने. तिला नोकरी हवी होती, हे तिने मला असं सांगितलं. बोटभर चहाने. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

मी निघालो. तेवढा चहा सांडणं सोपं नव्हतं, हेही सांगून टाकतो. उंबऱ्याचा हिसका पुरला नाही. बशी कोरडीच. तिचा श्वास मला मागून ऐकू येत होता. हिंचका दोन पावलांवर होता. आणि तिथे, दुसऱ्यांदा, जोर लावून मी मनगट उडवलं.

चहा बशीत, बशीतून फरशीवर, माझ्या पायावर. ती धावली. पाय भाजला का, एवढंच विचारलं. पुसून झालं, मग आत गेली आणि साधी साडी नेसून बाहेर आली. मला चंपाबेनजवळ बसवून शाळेत गेली, नाही म्हणून सांगायला. परत आली ती मोसंबी घेऊन. माझ्यासाठी.

त्या जागेवर दुसऱ्या बाई लागल्या. मग काही आठवड्यांनी माझा ‘चमत्कार’ झाला. कारखान्यात कुणी हसलं नाही. शेठनी कपाटातून माझाच अर्धा राहिलेला कागद काढला आणि म्हणाले, ‘‘मोर तमारी वाट जुए छे.’’ मोर माझी वाट बघत होता. त्यांनी दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. कशाला भ्यालो होतो मी?

जागा पुन्हा निघाली नाही. पुढे सुमन जिन्याच्या पायऱ्यांवर शेजारची पोरं घेऊन बसायची, पाढे म्हणून घ्यायची. हे सांगून मी तुमचं आणि माझं समाधान करू शकतो. पण जिना म्हणजे शाळा नव्हे, आणि तिथे तिला कुणी ‘बाई’ म्हणत नाही. काकू म्हणतात.

आता याला दहा वर्षं होत आली. माझा हात पक्का आहे. कालच एका पदरावर राजहंस उतरवला. पण सुमन अजून माझा कप पुरता भरत नाही. पाहुणे आले, सगळ्यांचे कप काठोकाठ, माझा बोटभर कमी. कुणी विचारलं तर म्हणते, ‘‘यांचा हात मधूनच दगा देतो.’’ माझी बाजू घेऊन म्हणते, अगदी मायेने. आणि मी मान हलवतो.

आज सकाळीही कप तसाच आला. मी तो हिंचक्यापर्यंत नेला. बशी कोरडी होती. तिने लांबून पाहिलं, आणि हसली.