मुळाला चिकटलेली राख

ती केस आठवली की आजही आधी मला खोकल्याची उबळ येते.

मुळशीत माझी नेमणूक होती. भातलावणी नुकतीच उरकली होती. मुठा खोऱ्यातला साठीचा एक शेतकरी ठाण्यात आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, धाकट्या भावाच्या रानात गांजा हाय. खबर खरी निघाली. भावाने भाड्याने दिलेल्या खोल्यांमागे, गवतात, गुडघाभर उंचीची सात झाडं होती. पंचांसमक्ष ती मुळासकट उपटली, पंचनामा केला आणि धाकट्याला ताब्यात घेतलं.

गडी काटक. बांधावरून तो सरसर पुढे, आणि मी, दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणारा, मागे धापा टाकत. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. चिलीम ओढतो हे त्याने लगेच कबूल केलं, पण झाडं माझी न्हाईत, यावरून तो हलेना. लागवड सिद्ध झाली असती तर त्याची दहा वर्षंही तुरुंगात जाऊ शकली असती.

मुद्देमाल सील करताना मुळांकडे लक्ष गेलं. मातीत राख होती, गोवरीचे जळके तुकडे होते. भाताचं रोप करायला इकडे जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. म्हणजे झाडं राबात वाढवून इथे आणून लावलेली. धाकट्याने तर भातशेती कधीच सोडली होती. घरात राब भाजणारा एकच, खबर देणारा थोरला. जन्मभराची सवय, गांजाही त्याने भातासारखाच लावला.

थोरल्याला बोलावून राख दाखवली. दारूने त्याचं यकृत सुजलं होतं. तो फुटला.

"मी दारू लायसनच्या दुकानातनं घेतली, तंबाखू टपरीवरनं. समदं कायद्यानं. माजी ही गत, आन ह्यो चिलीम वडून डोंगर चढतोय. मला बगवंना, सायेब."

वैद्यकीय तपासणीला दोघांनाही नेलं. थोरल्याची अवस्था वाईट होतीच. पण धाकट्याची छाती ऐकून डॉक्टरीणबाईंचाही चेहरा उतरला. धूर कशाचाही असो, फुप्फुसाला परवाना कळत नाही, असं त्या म्हणाल्या. त्याची स्मरणशक्तीही ढासळली होती.

गुन्हा थोरल्यावर दाखल केला. त्याला गाडीत बसवताना धाकटा जवळ आला.

"दादा, मी चढतोय ते बगितलंस. वर जाऊन तासभर धापा टाकतोय, घरची वाट लोकांना इचारतोय, ते न्हाई दिसलं व्हय तुला?"

थोरल्याने मान खाली घातली. मीही घातली, कारण मीसुद्धा त्याचं चढणंच पाहिलं होतं. जळणाऱ्या माणसाला समोरच्याचं अर्धंच दिसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. खिशातलं पाकीट सुटायला मात्र पुढे चार वर्षं लागली.