पुलाची कोथिंबीर

कुठेही उभे राहिले की आप्पा आधी टाच जमिनीत दाबून बघायचे. देवळाच्या पारापाशी, आमच्या गोठ्यासमोर, अगदी सोलापूरच्या स्टँडवर फरशी होती तिथेसुद्धा. टाच दाबायची, ओठ थोडे पुढे काढायचे आणि मगच बोलायला लागायचं. जमीन टणक लागली की मान हलवायचे. आजाऱ्याला बघून आलेला माणूस हलवतो तशी.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे गावात काही वाचून दाखवायचं असलं, माईकवर बोलायचं असलं की माझं नाव पुढे येतं. आप्पांविषयीही दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव अक्कलकोटच्या बाजूला. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये ओढा आहे. एसटी पलीकडच्या काठावर थांबते. उन्हाळ्यात ओढा म्हणजे नुसती दगडगोट्यांची वाट, चपला न काढता पलीकडे जाता येतं. पावसाळ्यात तोच ओढा गावाला कोंडून ठेवतो. आप्पांचं घर आमच्या घराला लागून. ते लिंगायत, आम्ही धनगर. त्यांच्या अंगणात आमच्या शेळ्या शिरायच्या, आणि त्यावरून रोज थोडं भांडण आणि रोज थोडा चहा व्हायचा.

आप्पांचं आयुष्य रस्त्याच्या कामावर गेलं. खडी, डांबर, रोलरच्या पुढे पाणी मारणं. म्हातारपणी हाताशी एकच काम उरलं होतं. भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी जमीन मऊ करायची.

तुम्हीही भूमिपूजनं पाहिली असतील. मंडप, हार, नारळ, रिबीन बांधलेली कुदळ. पाहुणे कुदळ उचलतात आणि पहिल्याच घावाला माती निघते. टाळ्या. आमचा भाग तर मुरमाचा, पहार मारली तरी ठिणगी उडते. मग कडक इस्त्रीतल्या माणसाच्या हातून माती इतकी सहज कशी निघते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आप्पांना काम करताना पाहिलं तेव्हा कळलं.

आदल्या दिवशी उन्हं कलली की ते पहार घेऊन जायचे. हातभर खड्डा घ्यायचा, मुरूम बाजूला काढायचा, शेतातली काळी माती आणून भरायची, वर दोन घागरी पाणी. माती बसली की पुन्हा थोडी भुसभुशीत करायची आणि वरून तोच मुरूम हलक्या हाताने पसरायचा.

"मुरूम परत कशाला, आप्पा?"

"फोटोत दिसतंय की, यव्वा. काळी माती निराळी दिसती."

मुलींना ते कानडीतलं 'यव्वा' म्हणायचे. आईलाही तेच, शेळीलाही तेच.

आजूबाजूच्या गावांत रस्ता, मोरी, पूल, काहीही निघालं की ठेकेदाराचा माणूस आप्पांना न्यायला यायचा. कधी ऐन वेळी यायचा. "चला आप्पा, साहेब निघालेत," म्हणायचा. आप्पा टाच दाबून, मान हलवून म्हणायचे, "आदल्या दिवशी सांगायचं की!" हे वाक्य पुढे त्यांच्या तोंडात इतकं बसलं की सगळ्यालाच लागू झालं. सुनेने मीठ संपलं म्हटलं, तरी आदल्या दिवशी सांगायचं की. माझा बारावीचा निकाल लागला आणि मी पेढा घेऊन गेले, तरी तेच. "आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर कवळी लावून बसलो असतो की."

एकदा मी धीर करून विचारलं होतं, "आप्पा, ही फसवणूक नाही का?"

त्यांना राग आला नाही. एका गावाची गोष्ट सांगितली. तिथे त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पाहुण्यांची कुदळ मुरमावर आपटून उडाली, मनगट मुरगळलं. लोक हसले. पाहुणे हार काढून गाडीत बसले. "तवापासनं त्या गावाचा रस्ता झाला न्हाई. अजून चिखलच तुडवत्यात." मग हळू आवाजात म्हणाले, "पयल्या घावाला माती निघाली की मानूस खूश. खूश मानूस पैसा लवकर सोडतंय. यात फसवलं कुनाला?"

त्यांचा यावर खरंच विश्वास होता. आणि त्यामागे एक कारण होतं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

लिंगायत लोकांत माणसाला पुरतात, बसवून. सजवलेल्या पालखीत, त्याला विमान म्हणतात, बसवून रुद्रभूमीकडे, म्हणजे त्यांच्या दफनभूमीकडे, नेतात. आमच्या गावची रुद्रभूमी ओढ्याच्या पलीकडे आहे. आप्पांची बायको, तिला मी आजी म्हणायचे, पावसाळ्यात गेली. ओढा दुथडी भरून वाहत होता. विमान बांधून तयार, स्वामी येऊन बसलेले, आणि पाणी उतरेना. मी तेव्हा शाळेत होते. अंगणात आजी विमानात बसलेली आणि तिच्यासमोर आप्पा मांडी घालून बसलेले, एवढं मला आठवतं.

पुढे कधीतरी ते आपणहून बोलले. "एवढा येळ आमी दोघं कदी समोरासमोर बसलो नव्हतो बग. ती कामात, मी कामावर. त्या टायमाला बसलो." हसले. मग म्हणाले, "पन तसं कुनाला बसवू ने."

शेवटी पाणी उतरलं आणि त्यांनी तिला पलीकडे नेलं. तिच्या शेजारी आप्पांनी आपल्यासाठी जागा सोडून ठेवली. पूल व्हावा, आणि तिच्याकडे जाताना आपलं विमान काठावर अडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लोक चेष्टा करायचे तेव्हा तेही करायचे. "मी उन्हाळ्यात जातो, तुमाला तरास न्हाई."

आमच्या पुलाचं पहिलं भूमिपूजन मी लहान असताना झालं. त्यानंतर काही झालं नाही. दुसऱ्याच्या वेळी मी कॉलेजात होते आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. माईक मी इतका जवळ धरला होता की तो हनुवटीला लागत होता. मी म्हणाले, "साहेबांना विनंती करते की त्यांनी कुदळ मारून शुभारंभ करावा." साहेबांनी कुदळ मारली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. साहेबच दचकले. आप्पांनी आपल्या गावासाठी जरा जास्तच खोल खड्डा घेतला होता. गर्दीच्या मागे उभे राहून ते माझ्याकडे बघत होते, तोंडावर उपरणं धरून.

त्यानंतरचं त्यांचं वागणं मात्र गावाला वेडेपणाचं वाटलं. ते रोज त्या जागेला पाणी घालायला लागले. ओढ्यातून, तो आटला की विहिरीवरून घागर भरायची आणि मातीवर ओतायची.

"आप्पा, जेसीबी येणार हाय. त्याला मऊ माती कशाला लागती?" पारावरची पोरं विचारायची.

"मला बी कळतंय. पन तवर आवळली तर? मशिनवाला बी मानूसच हाय की."

मऊ माती, रोजचं पाणी. कुठून तरी धने पडले असतील, तिथे कोथिंबीर उगवली. आप्पांनी ती वाढू दिली. सकाळी मी एसटीसाठी निघाले की वाटेत हाक मारायचे आणि हातात चार काड्या द्यायचे. "घे, पुलाची कोथिंबीर." मी ती वहीत ठेवायची. सोलापूरला पोहोचेपर्यंत वहीला वास यायचा. मैत्रिणी हसायच्या.

एक दिवस आमची शेळी तिथे पोहोचली. आप्पा तिला कान धरून आमच्या दारात घेऊन आले. "बग, तुज्या शेळीनं पूल खाल्ला!" आई पदर तोंडावर धरून आत पळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

मी संध्याकाळी परतले की ते काठावर असायचे. "निधी कुटवर आलाय?"

निधी म्हणजे कोणी पाहुणा आहे, मुंबईहून चालत निघालाय, अशा थाटात ते विचारायचे. मीही तसंच उत्तर द्यायला शिकले. "पुण्यापर्यंत आला असेल, आप्पा."

"अजून पुन्यातच? त्याच्या बी वाटंत ओढा असंल."

मग मी एकदा कॉलेज सुटल्यावर बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. बराच वेळ दारात उभी राहिले, कोणाला विचारायचं ते कळेना. शेवटी एका बाईंनी फाईल बघून सांगितलं. मंजुरी होती, पण पैशांची तरतूद झाली नव्हती. आता सरकार बदललं होतं आणि आधीच्या कामांना स्थगिती होती. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणीही दिलं.

परतताना एसटीत मी वाक्यं जुळवत होते. ओढा उतरून गेले तर आप्पा कोथिंबिरीपाशी बसलेले.

"थांबवलंय, आप्पा."

"कुनी?"

"सरकार बदललं ना."

त्यांनी ओढ्याकडे बघितलं. "ओढा तर त्योच हाय की."

ते उठले, घागर घेतली आणि पाणी आणायला खाली उतरले. त्या दिवसानंतर त्यांनी निधी कुठवर आला, हे मला कधी विचारलं नाही. पाणी घालणं मात्र थांबलं नाही.

आप्पा उन्हाळ्यात गेले नाहीत. भाद्रपदात गेले.

त्या दिवशी परीक्षा होती. वर्गातून बाहेर आले तर भावाचा फोन. एसटीने मला पलीकडच्या काठावर सोडलं. ओढा लाल होऊन वाहत होता, मधले दगड एकही दिसत नव्हते. मी या बाजूला एकटी, पाठीमागे रुद्रभूमी. समोरच्या काठावर सगळा गाव आणि गावाच्या पुढे विमान. त्यात आप्पा बसलेले. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. म्हणजे माझ्याकडे नव्हे. माझ्या मागे आजीची समाधी होती आणि तिच्या शेजारची मोकळी जागा.

मी ओरडले, पण पाण्याच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाऊस पुन्हा सुरू झाला. पलीकडे माणसं एकमेकांशी बोलताना दिसत होती, हात करून पाणी दाखवत होती. आप्पांचा मुलगा पाण्यात कमरेपर्यंत उतरला, त्याला दोघांनी मागे ओढलं. तसं कुनाला बसवू ने, असं आप्पा म्हणाले होते. ते मुलाला आठवलं असेल. त्याने मान हलवली आणि लोकांनी विमान उचलून गावाकडे वळवलं. आप्पांची पाठ मला दिसली.

त्यांना गावाकडच्या काठावरच, मुलाच्या शेताच्या बांधाला माती द्यायचं ठरलं. ते शेत काठाला लागूनच आहे. वरवरचा चिखल निघाला की खाली मुरूम. पहारीचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत येत होता. ठण्ण. थोडं थांबून पुन्हा ठण्ण. गावातली धडधाकट माणसं आळीपाळीने खणत होती आणि खड्डा होत नव्हता. जमीन मऊ करणारा माणूस त्या दिवशी विमानात बसला होता.

अंधार पडायच्या आत मी डांबरी रस्त्याने मागे गेले आणि रस्त्यावरच्या वाडीत मावशीकडे राहिले.

या उन्हाळ्यात पुलाला पुन्हा मंजुरी आली. तिसरं भूमिपूजन. मंडप या वेळी जरा वरच्या अंगाला, नुसत्या मुरमावर घातला होता. माईक माझ्याकडेच. "कुदळ मारून शुभारंभ करावा," मी म्हणाले. साहेबांनी कुदळ मारली. ठण्ण. ती उडाली आणि रिबीन सुटली. दुसरा घाव, पुन्हा तोच आवाज. "टणक आहे हो तुमची जमीन," साहेब हसून म्हणाले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणी हसलं नाही. गावातली माणसं एकमेकांकडे न बघता खाली बघत होती. त्यातल्या दोघातिघांनी टाच जमिनीवर दाबलेली मला दिसली.

सगळे गेल्यावर मी खालच्या, आप्पांच्या जागेपाशी गेले. बाभळीच्या काट्यांचं कुंपण अजून होतं. आत कोथिंबीर कधीच वाळली होती, काड्यांवर धने होते. काटे बाजूला करून मी मूठभर काढले. माती दगडासारखी झाली होती.

ओढा कोरडा होता. चपला न काढता मी पलीकडे गेले आणि आजीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत धने टाकले. आप्पांसारखी जमीन मऊ करता येत नाही मला. काडीने जेवढी उकरता आली तेवढी उकरली, बाटलीतलं पाणी ओतलं.

पाऊस पडला तर उगवतील. पण पाऊस पडला की तिकडे जाऊन कोणाला बघता येणार नाही.