दिंडीसकट दरवाजा

जुन्या इमारतींचं लाकूड घेऊन नाशकात विकायचा माझा धंदा. सटाण्याकडच्या एका गढीचा दरवाजा महिनाभर घासाघीस करून ठरवला होता. गढी जुन्या रीतीची. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची पुरुषभर जाड भिंत, कोपऱ्यांना आणि दरवाजालगत बुरूज, बुरुजांत बंदुकीसाठी खाली रोखलेली भोकं, म्हणजे जंग्या. सागवानी दरवाजावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे आणि उजव्या फळीत एक माणूस जाईल एवढं छोटं दार, दिंडी. शत्रू आलाच तर मान पुढे करून यावा, म्हणून ती मुद्दाम बुटकी.

माझा मेहुणा शिडीवर चढून वरच्या तुळईच्या पाचरी ठोकून काढू लागला, तेव्हा गढीचे मालक म्हणाले, "शेठ, दरवाजा तुमना, पन दिंडी आमनी शे."

"बैल विकून शिंगं ठेवून घेता काय?" माझं डोकं फिरलं.

"बाप-आजे तिच्यातूनच वाकून गेले. ती नाय देणार."

"सुपारी फोडली तेव्हा बाप-आजे आठवले नाहीत?"

दिंडी फळीचाच भाग आहे हे दाखवायला मी ती धाडकन लावायला गेलो. हलेना. सकाळी तीच एका बोटाने फिरली होती. म्हणजे फळीवर वरून भार आला होता. मान वळवली, तर बाजूच्या बुरुजाला नवी भेग आणि तिच्यातून मातीची धार.

"उतर खाली!"

"दाजी, आधी भांडण तर मिटवा."

मी त्याचा पाय धरून ओढला. दोघं अंगणात पडलो आणि मागे बुरुजाचा खांदा शिडीवर कोसळला.

धूळ बसल्यावर कारण दिसलं. इकडे घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर, गढीची पांढरी माती घालतात. पाणी गळत नाही. मालकांनीही ती वर्षानुवर्षं बुरुजाच्या बुडातूनच नेलेली. बुरूज आतून पोकळ होऊन दरवाजावर रेलला होता आणि आम्ही तोच टेकू काढत होतो.

मेहुण्याचं फक्त कोपर खरचटलं होतं. मी त्याचं डोकं, पाठ, पाय चाचपून पाहिले, पुन्हा पाहिले.

मालक पाणी घेऊन आले. "शेठ, न्या आता. दिंडीसकट."

"राहू द्या तिथंच. आधी बुरुजाला टेकू लावा."

शब्द फिरवल्याचा राग अजून गेलेला नाही. त्या गावचं लाकूड मी घेत नाही. पण परतताना टेम्पोत मेहुणा घोरत होता, आणि एरवी त्याच्या घोरण्यावर खेकसणारा मी गाडी जपून चालवत होतो.