नऊ दट्ट्यांचं ताट

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लंकाबाईचे दोन्ही हात रॉकेलच्या ताटात होते. समोर एका हायड्रॉलिक मोटारीची दोन दातेरी चाकं पडली होती आणि दात्यांच्या बेचक्यांत बसलेला काळा गाळ ती ब्रशनं खरवडून काढत होती. १९७३ चा मार्च चालू होता. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत राधाकृष्णशेठच्या दुरुस्तीच्या कारखान्यात ती झाडूवाली म्हणून लागली होती. पुढं सुटे भाग धुण्याच्या टेबलावर बसू लागली. एक एप्रिलपासून शेठ तिला हेल्पर म्हणून कायम करणार होते. तेवढे दिवस या टेबलावर बोट ठेवायला कुणाला जागा द्यायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

टेबल मिळालं ते योसेफमुळं. योसेफ पाटोळे मोटारी जुळवणारा फिटर, तिच्याहून वयानं लहान. झाडता झाडता एकदा तिनं त्याला विचारलं होतं, "हिला वायर न्हाई की काय न्हाई. मंग हिला मोटार कशापायी म्हनायचं?"

"पंप तेल ढकलतो, आक्का," योसेफ म्हणाला होता. "ही त्याच्या उलटी. ढकललेलं तेल हिच्यात शिरतं आणि हिला फिरवतं. जिथं इंजिन नेता येत नाही तिथं दोन नळ्या न्यायच्या, झालं."

विचारणारी बाई झाडू मारण्यात वाया घालवू नये, असं त्यानं शेठना सांगितलं. मग त्यानं तिला एकेक मोटार उघडून दाखवली. दात्यांच्या मोटारीत दोन चाकं एकमेकांत अडकलेली असतात. तेलाला त्यांच्या मधून वाट नसते, म्हणून ते दात्यांना रेटत कडेकडेनं पलीकडं निघतं आणि चाकांना फिरणं भाग पडतं. पात्यांच्या मोटारीत मधल्या गोलाला खाचा असतात. खाचांतली पाती स्प्रिंगच्या जोरानं बाहेरच्या कड्याला टेकून राहतात आणि तेल पात्यांवर जोर करतं. दट्ट्यांची मोटार सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात ताकदीची. नऊ भोकांचं जाड नळकांडं, भोकागणिक एक दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला पितळी पाऊल, त्याला बूट म्हणतात, आणि सगळे बूट एका तिरक्या तबकडीवर टेकलेले. तेल दट्ट्याला बाहेर लोटतं, बूट तबकडीच्या उतारावरून सरकतो, आणि अख्खं नळकांडं गरगरतं. आणखी एक जात होती, दट्टे चांदणीसारखे चहूबाजूंनी लावलेली, सावकाश फिरणारी पण जबर ओढीची. ती तिनं एकदाच धुतली होती.

दात्यांची मोटार थोडाफार कचरा पचवते. दट्ट्यांची पचवत नाही. बुटाच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून झिरपणाऱ्या तेलावर बूट तरंगतो. भोक बुजलं की बूट कोरडा घासतो आणि जळतो. म्हणून दट्ट्यांना वेस्ट लावायचं नाही, हा कारखान्यातला पहिला नियम. वेस्ट म्हणजे हात पुसायचा सुती धाग्यांचा गुंता. दट्टे रॉकेलनं धुवायचे, कॉम्प्रेसरच्या वाऱ्यानं वाळवायचे आणि ज्या भोकातला दट्ट्या त्याच क्रमानं ताटात लावून फिटरकडं द्यायचे. चार वर्षांत लंकाबाईच्या ताटाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

तिला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीत ती भाऊबीजेला योसेफच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं, लिडियानं, तिच्यापुढं पाट मांडला आणि निरांजन नव्हतं म्हणून मेणबत्ती पुढं केली. लंकाबाईनं मेणबत्तीनं ओवाळलं. त्यानंतर नाताळचा करंजीचा डबा न चुकता तिच्या घरी येऊ लागला. तिचा नवरा गोरक्षनाथ बाजार समितीत हमाली करायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, "आपल्या दोन दिवाळ्या, एक देवाची अन् एक येशूची."

साडेआठला फाटकात जीप थांबली. बोअर खोदणाऱ्या गाडीचा ऑपरेटर गहिनीनाथ पोत्यात गुंडाळलेली मोटार खांद्यावर घेऊन आत आला आणि ती त्यानं धाडकन टेबलावर टाकली.

"शेठ कुठं हायेत? बोलवा. सोनईला भोक निम्म्यावर अन् मोटार जाम! सगळा गाव भोवती हुबा. एका म्हातारीनं तर नारळ परत मागितला, म्हनली पानी लागल्यावर फोडीन."

शेठ आले. योसेफनं मोटार उघडली. नऊपैकी तीन बूट जळून काळेनिळे झाले होते आणि तबकडीवर पितळ माखलं होतं. शेठनी एक बूट उजेडात धरला, टाचणीनं तळाचं भोक कोरलं. पांढरा धागा बाहेर आला. दुसऱ्या बुटातूनही आला.

"वेस्ट," शेठ म्हणाले. "दट्टे वेस्टनं कुणी पुसले?"

लंकाबाईला शनिवार स्वच्छ आठवत होता. हीच मोटार जुळवायची होती, पण वीज गेली होती, कॉम्प्रेसर बंद होता. ओले दट्टे तिनं ताटात लावून ठेवले होते आणि वारा आल्याशिवाय द्यायचे नाहीत म्हणून ताटावर हात ठेवला होता. गहिनीनाथ बाकाला टेकून एकसारखा "आवरा, आवरा" करत होता. शेवटी योसेफनं ताट ओढून घेतलं आणि दट्टे वेस्टनं भराभरा पुसले. ती म्हणाली होती, "भाऊ, वेस्ट नगं." तो म्हणाला होता, "एकदा पुसल्यानं काय होतंय!"

आता तो बोलेल म्हणून ती थांबली.

"ताट आक्काकडून आलं," योसेफ म्हणाला. "मी जुळवलं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेठ तिच्याकडं वळले. "लंकाबाई?"

"म्या न्हाई पुसलं, शेठ. म्या वल्लंच ठिवलं हुतं. भाऊ, सांग की."

योसेफनं पाना उचलला, खाली ठेवला. "घाईत झालं असेल आक्का, तुझ्याही ध्यानात राहिलं नसेल. कुणी फासावर चढवत नाही तुला."

तो आवाज भाऊबीजेचाच होता, तसाच मऊ. शिवी दिली असती तर तिला उलट बोलता आलं असतं. तिनं गहिनीनाथाकडं पाहिलं. "तुमी तर हितंच हुता. आवरा आवरा कोन करत हुतं?"

"म्या? म्या च्या प्यायला गेल्तो," गहिनीनाथ म्हणाला आणि चप्पल जमिनीवर घासू लागला. त्याला मोटार संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि ती योसेफशिवाय कुणी जुळवणार नव्हतं.

शेठनी दोघांकडं पाहिलं. "आजचं ताट धुऊन दे," ते लंकाबाईला म्हणाले. "उद्यापासून भंगारावर जा. टेबल कडूबाईला. एप्रिलचं आता राहू दे."

कडूबाई नवी झाडूवाली. दारात झाडू घेऊन ती ऐकत होती. तिनं मान खाली घातली, पण दारातून हलली नाही.

जेवायच्या सुट्टीत योसेफ लिंबाखाली आला. लंकाबाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. त्यानं डबा पुढं केला.

"लिडियानं तुझ्यासाठी ठेचा दिलाय."

तिनं ठेचा घेतला. तो लिडियानं दिला होता.

"आक्का, गेल्या साली एक मोटार माझ्या हातून जळाली. ही दुसरी. शेठनी मला घरी बसवलं असतं. तुला नुसतं भंगारावर घातलंय. चार महिन्यांनी मीच शेठना सांगून तुला परत टेबलावर आणतो."

"तुजं खरं हाय," ती म्हणाली. "तू घरी गेला असता. लिडिया काय खाती?"

त्याला हायसं वाटलं. तो बसायला जागा बघू लागला.

"पन तू इचारलं न्हाईस," ती म्हणाली. "आज सकाळी जीप आली तवा मला कोपऱ्यात बोलवून म्हनला असतास, आक्का, तुज्या अंगावर घे, तर म्या घेतलं असतं. तू मला इचारलं न्हाईस, अन् वर माज्याच ध्यानात न्हाई म्हनलास."

"त्या घडीला सुचलं नाही."

"सुचलं की. 'ताट आक्काकडून आलं' ह्ये बरं सुचलं."

योसेफ नळावर डबा धुवायला गेला. डब्यात भाकरी तशीच होती.

दुपारी तिनं सहा जुने आणि तीन नवे दट्टे धुतले. वीज होती. एकेक दट्ट्या वाऱ्याखाली धरला, बुटाच्या भोकातून वारा आरपार येतो का ते तळहातावर अजमावलं, आणि नळकांड्यातल्या भोकांच्या क्रमानं नऊही दट्टे ताटात लावले. रोज ती ताट उचलून योसेफच्या बाकावर नेऊन ठेवायची. आज ती त्याच्या बाकाला वळसा घालून ताट घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेली.

"बघून घ्या," ती म्हणाली. "कोरडं हाय, धागा न्हाई. ह्येच्या म्होरं ज्येच्या हातात जाईल, त्येचं त्यो बघंल."

शेठ चष्मा लावून वाकले. एक दट्ट्या उचलून त्यांनी उजेडात धरला, दुसरा धरला. मग काचेतून बाहेर योसेफकडं पाहिलं. तो पाठमोरा होता. हातातलं काम त्यानं थांबवलं होतं, पण मागं वळला नाही. शेठना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. मोटार आजच सोनईला जायची होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ठेव."

तिनं ताट त्यांच्या टेबलावर ठेवलं, हात रॉकेलच्या फडक्याला न पुसता लुगड्याला पुसले आणि बाहेर आली. पाच वाजता जीप मोटार घेऊन गेली. गहिनीनाथानं जाताना तिला हात केला; ती बघत होती, तिनं हात केला नाही.

उद्या बुधवार. भोंगा साडेसातला होतो. कडूबाई समोरच्या फाटकातून आत येईल, आणि भंगाराच्या अंगणात काम करणाऱ्यांची हजेरी मागच्या फाटकावर घेतात, तिथल्या यादीत आता लंकाबाईचं नाव आहे.