वरच्या खोलीतला गार रेडिएटर

सोलापूर सोडलं त्या दिवशी बाबा रिक्षात माझ्या बॅगेवर हात ठेवून बसले होते. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "परक्या गावात आधी शेजार बघ, मग घर." आईनं शेंगाचटणीचा डबा तेवढा पुन्हा एकदा घट्ट लावून दिला.

त्याला चौदा वर्षं झाली. बाबा आता नाहीत. आधी ओहायो, मग मिशिगन, असं नोकरीमागे फिरत मी आणि माझा नवरा मिलिंद मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत टेकलो. मागच्या वर्षी घर घेतलं. जुनं, लाकडी. तळघरात बॉयलर, आणि तिथलं गरम पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं. त्यानं खोल्या उबदार होतात. निदान व्हायला हव्यात.

आई पहिल्यांदाच आली ती नेमकी नोव्हेंबरात. तिला वरची, भरपूर उजेडाची खोली दिली आणि तिथलाच रेडिएटर तापेना. आत गुडगुड आवाज, हात लावावा तर गार. तीन दिवस आई दोन स्वेटर आणि मिलिंदची कानटोपी घालून किचनमध्ये बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं कर बाई. सोलापूरच्या हाडांना हे झेपायचं नाही." मी हसण्यावारी नेलं, पण बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं तिला 'ये, ये' म्हणत होते आणि एक खोली गरम करता येत नव्हती मला.

प्लंबरनं दहा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट दिली. म्हणून रविवारी सकाळी समोरच्या बापट काकांना हाक मारली. काका मूळचे नागपूरचे, इथे पन्नास वर्षं काढलेले रिटायर्ड इंजिनिअर. त्यांनी बॉयलर बंद केला, पाणी निवू दिलं आणि खिशातून छोटीशी चावी काढली. "हवा अडकलीय. रेडिएटरच्या कडेला हा स्क्रू असतो, तो जरासा ढिला करायचा. हवा निघून पाणी आलं की बंद."

खालच्या मजल्यापासून सुरुवात केली. फुस्स, मग पाणी, मग बंद. नऊ वर्षांची माझी लेक सई खाली भांडं धरून, "ईऽऽ, इट्स ब्लॅक!"

वरच्या खोलीत मात्र चावी फिरवल्यावर जरासं फुस्स झालं आणि थांबलं. ना हवा, ना पाणी. मिलिंद खालीच बसला. "संपलं यार. पूर्ण सिस्टिम बदलावी लागणार."

आई दारात शाल पांघरून उभी होती. "पण पाणी इथवर चढतंय का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा नळ आधी असाच फुसफुसतो. प्रेशर कमी असलं की वरच्या मजल्यावर थेंब येत नाही. हवेला ढकलायला खालून पाणी नको का? खाली बघा आधी."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "ताई, हे मला सुचायला हवं होतं!"

स्क्रू तसाच ढिला ठेवून, आई आणि सईला तिथंच थांबवून आम्ही तळघरात धावलो. बॉयलरवरच्या प्रेशरचा काटा पार तळाला गेलेला. काकांनी पाण्याचा व्हॉल्व्ह हळूच उघडला, काटा वर सरकू लागला, आणि वरून सईची आरोळी आली, "आजी डिड इट!" आम्ही जिने चढून पोचलो तेव्हा हवा अजून निघतच होती. मग गढूळ थेंब उडाले, मग नीट धार लागली. स्क्रू आईनंच आवळला. बॉयलर चालू केल्यावर अर्ध्या तासात रेडिएटर असा तापला, की तिनं कानटोपी काढून मिलिंदच्या हातात दिली.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, पुढच्या आठवड्यात काका तिला त्यांच्या एका मित्राच्या घरी रेडिएटर बघायला घेऊन गेले. तिथून ती केक घेऊन आली.

सोलापूरचे सगळे फोनवर विचारतात, घरी कधी येणार? येणार तर आहोतच. पण परवा आई मावशीला फोनवर सांगत होती, "इतक्यात नाही गं येत. आमच्याकडे बर्फ पडलाय, सईला शाळेला सुट्टी आहे." ते 'आमच्याकडे' ती किती सहज म्हणाली! तेव्हापासून कुणी घर कुठे विचारलं की मी दोन्ही गावांची नावं सांगते, आणि कुठलं आधी घ्यायचं याचा विचार करत नाही.