काकांची उंच गाडी

कॉलेज सुटल्यावर मी धाराशिवच्या बाईक शोरूममध्ये नुसत्याच गाड्या बघायला जातो. तिथे एकदा पन्नाशीचे एक काका उंच ॲडव्हेंचर गाडीवर बसलेले दिसले. त्यांचे फक्त चवडे जमिनीला टेकत होते.

"हिच्यावर हिमालयापतूर जाता येतंय म्हणं," ते मला म्हणाले.

त्यांच्या पत्नी नऊवारी सावरत मागे एका अंगाने बसायला गेल्या, पण सीटपर्यंत पोचेनात. "मला चढायला शिडी आणता का काय?" त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. काकाही हसत उतरले.

शेजारच्या बुटक्या रोडस्टरवर त्या सहज बसल्या. "हीच द्या, साडी गार्ड बसवून," काका विक्रेत्याला म्हणाले.

काकूंचं हसू थांबलं. "तुमचं मन तिकडंच हाय. घ्या की ती. मी जाईन येष्टीनं."

"आन एकट्यानं हिमालय बघून सांगू कुणाला?"

मग काकूंना मागे घेऊन ते रोडस्टरवर फेरी मारायला निघाले. दारापाशी थांबून त्यांनी आरसा नीट केला आणि बराच वेळ त्यात पाहत राहिले. त्यात त्यांना काकू दिसत होत्या की ती उंच गाडी, हे मला अजून सांगता येत नाही.