कुंकवाखालची तारीख

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. घरातून निघताना मी गॅस दोनदा बघतो, कुलूप तीनदा ओढतो, आणि एसटीत बसल्यावर उतरेपर्यंत पाकीट चाचपत राहतो. बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं मी कागदच सांभाळत आलो. माझ्या टेबलावरून सही-शिक्क्याशिवाय एक कागद कधी पुढे सरकला नाही. बायको म्हणायची, तुमचा माणसांपेक्षा कागदांवर जास्त विश्वास. मला ते कौतुकच वाटायचं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी तिची बदली इंदापूर तालुक्यात, डाळजच्या बाजूला झाली. बारामतीहून भिगवणपर्यंत एसटी आणि तिथून हायवेने वडाप. वडापच्या जीपमध्ये चौदा माणसं, दोन शेळ्या आणि ही. एकदा ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की हिचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. संध्याकाळी टेंगूळ घेऊन घरी आली, चहाही न घेता म्हणाली, मी गाडी शिकणार. तेव्हा तिला एक्कावन्न पूर्ण झाली होती.

गाडी घरात होती. आठ वर्षं जुनी, पांढरी, आणि चाळीसच्या पुढे कधी न गेलेली, कारण चालवणारा मी. हिने लर्निंग लायसन्स काढलं, ड्रायव्हिंग स्कूलचे पंधरा दिवस पूर्ण केले. पण तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. खरा सराव घरच्या गाडीवरच करायला हवा होता आणि तिथे शेजारी बसणार होतो मी.

मी आधी विम्याच्या एजंटला फोन केला. तो आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी, त्यामुळे मला सर म्हणतो. शिकताना काही झालं तर पॉलिसी चालते का, असं मी त्याला एकच प्रश्न चार प्रकारे विचारला. तो हसला. पॉलिसी फुल आहे म्हणाला, लर्निंगवालं माणूस चालवत असलं तरी चालतं, फक्त पुढे-मागे एल लावा आणि शेजारी लायसन्सवालं माणूस पाहिजे. शेजारी मीच असणार, असं मी सांगितलं. मग काय टेन्शन, असं तो म्हणाला. आमच्याकडे फुल या शब्दाला फार वजन आहे. टाकी फुल, पॉलिसी फुल म्हटलं की माणूस पुढचं काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

लाल रेडियमचे दोन एल मी पट्टी लावून कापले. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. गाडीची सगळी कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. त्यातच माझं लायसन्स, जुन्या पद्धतीचं, लॅमिनेशन केलेलं. या लायसन्सबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरी खंडेनवमीला अवजारांची पूजा व्हायची. वडील विळा-कोयता-पहार मांडायचे. माझ्याकडे अवजारं कुठली? मी गाडीला हार घालायचो आणि बॉनेटवर आरसी बुक, पॉलिसी आणि लायसन्स मांडून प्रत्येकाला हळदकुंकू लावायचो. लावलेलं कुंकू आपण होऊन पुसू नये, म्हणून पुसायचो नाही. वर्षानुवर्षांचे थर बसून ते लायसन्स देव्हाऱ्यातल्या टाकासारखं दिसायला लागलं होतं. त्याच्याकडे बघून मला धीर यायचा.

दर रविवारी सकाळी आम्ही कोऱ्हाळ्याच्या बाजूला कालव्याकडेच्या रस्त्यावर जायचो. ती खरं तर बरी चालवायची. हाल माझे व्हायचे. माझा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा, घरी आल्यावर पोटरीत गोळे यायचे. आरसा बघ, क्लच दाब, समोर कुत्रं आहे, असा माझा जप चालायचा. एकदा ती म्हणाली, तुम्ही उतरून मागून चालत या, तेवढ्याच वेगाने चाललोय आपण.

तो रविवार थंडीतला, कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. कालव्याला आवर्तन सुटलेलं, डाव्या हाताला पाणी काठोकाठ. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. ऊस दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलेला की रस्ता उरलाच नव्हता. ती थांबायला बघत होती, हे मला आता आठवतं. तिचा पाय ब्रेकवर गेला होता. पण मी घाबरून ओरडलो, "डावीकडे घे."

तिने डावीकडे घेतली. डावीकडे सायकलवर एक म्हातारे गृहस्थ होते, कॅरियरला जनावरांसाठी उसाच्या वाढ्यांचा, शेंड्याकडच्या पाल्याचा, भारा बांधलेला. आमचा आरसा त्या भाऱ्याला लागला. सायकल गेली, माणूस गेला, आणि आमची गाडी किलोमीटरच्या दगडावर आदळून थांबली.

मी उतरलो तेव्हा रस्त्यावर फक्त उसाची हिरवी वाढी पसरलेली होती. माणूस दिसेना. त्या क्षणी मला वाटलं तसं आयुष्यात कधी वाटलेलं नाही. मग भरावाच्या उतारावरून कण्हणं ऐकू आलं. पाण्यापासून दोन हातांवर एका बाभळीला ते अडकले होते. मला पोहता येत नाही, उंचावरून खाली बघवत नाही, पण मी बसत-घसरत गेलो आणि त्यांना वर आणलं. बायकोने किल्ली माझ्या हातात दिली. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत मी चालवत आलो.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांना गावात तात्या म्हणत; वाटेत तात्यांना एकदा उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, स्कॅन केल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पोलिसांना कळवावं लागेल असंही म्हणाले. तात्यांना आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. हिच्या ओढणीत वाढ्यांचा पाला अडकला होता, तो काढायचंही तिला भान नव्हतं. माझ्यामुळे झालं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं म्हणाली.

मी एजंटला फोन केला. त्याने धीर दिला, आणि हिचं लर्निंग लायसन्स, पॉलिसी आणि माझं लायसन्स यांचे फोटो मागितले. मी पाठवले. दोन मिनिटांत त्याचा मेसेज आला, सर, तारखेवर कुंकू आहे, पुसून परत पाठवा.

मी रुमाल ओला केला आणि पुसायला लागलो. थर जाता जाईना. आधी नाव दिसलं, मग तरुणपणीचा फोटो, मग मुदतीची ओळ. ती मुदत माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला संपलेली होती. मला चोपन्न पूर्ण झाली होती. चार वर्षं मी लायसन्सशिवाय गाडी चालवत होतो, आत्ताही तशीच चालवून आलो होतो. आणि दर वर्षी त्या तारखेवर कुंकवाचं बोट ठेवणारा मीच होतो.

पुसलेला फोटो पाठवल्यावर एजंटचाच फोन आला. आता तो हसत नव्हता. क्लेम बसणार नाही म्हणाला, आणि तात्यांचं काही कमीजास्त झालं तर कंपनी शेवटी ते तुमच्या आणि मॅडमच्याच अंगावर टाकेल. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, सर, तुमच्या पुतण्याचं लायसन्स चालू आहे ना, शेजारी तो बसला होता असं लिहू का.

तीस वर्षं मी पोरांना उपस्थितीचा एक खोटा दाखला दिला नव्हता. पण मी त्याला नाही म्हणालो नाही. "बघू," असं म्हणालो.

बाकावर परत येऊन बसलो. सांगायला हवं होतं. तिचं लर्निंग माझ्या लायसन्सच्या आधारावर उभं होतं आणि आधारच पोकळ निघाला होता. शिवाय डावीकडे घे असं ओरडलो होतो तो मी. ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, शिकताना होतं असं. जवळजवळ तासभर मी तो गुन्हा तिच्या एकटीच्या डोक्यावर राहू दिला. त्या तासाची मला अजून लाज वाटते.

मग तात्यांची सून आली. तिने विचारलं, गाडी कोण चालवत हुतं. बायको उठून उभी राहिली आणि मी, असं म्हणाली. मी बसूनच होतो, खिशातल्या लायसन्सवर हात ठेवून.

तेवढ्यात तात्यांना बाहेर आणलं. स्कॅन ठीक होता, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. पाठोपाठ हवालदार वही घेऊन आले. तात्या खाटेवरून त्यांना म्हणाले, "सायब, बाईंचा काय दोष न्हाय. ह्ये मास्तर शेजारीच हुते, त्येंनीच मला पाण्यापासनं उचलून आणलं. माणूस शेजारी असावा तर असा."

पुतण्याची वाट तिथेच बंद झाली. पण खरं सांगायचं तर मला ते नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त बायको दिसली. तिने माझ्याकडे वळून बघितलं, डोळे भरलेले, आणि त्यात माझ्याबद्दल उपकाराची भावना होती. ती मला सोसवेना. हवालदारांना एक मिनिट थांबा म्हणून मी तिला पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि लायसन्स तिच्या हातात दिलं.

तिने ते वह्या तपासताना वाचते तसं वाचलं. एकदा, मग परत एकदा. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे इतके दिवस माझ्या शेजारी कुणी नव्हतंच."

मी हवालदारांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, डावीकडे घे असं ओरडल्याचंही. ते लिहून घेतलं गेलं. विम्याच्या फॉर्मवर मी माझ्या अक्षरात खरं लिहिलं आणि कंपनीने क्लेम नाकारला. दंड, दवाखाना, गाडीची दुरुस्ती, सगळं आमचं आम्ही केलं. तात्यांच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. तात्यांच्या खांद्याचा पट्टा सुटेपर्यंत आम्ही दर रविवारी डबा घेऊन कोऱ्हाळ्याला जायचो, एसटीने. बायको वाटेत माझ्याशी बोलायची, पण भाजीपाल्याएवढंच.

पुढे पुतण्या खरोखरच तिच्या शेजारी बसला. उन्हाळ्यात ती पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली. आता डाळजला स्वतः जाते-येते, आणि हायवे ओलांडून झाला की मला फोन करते, कारण मी तोवर जेवत नाही. माझी मुदत संपून इतका काळ गेला होता की आरटीओच्या खिडकीत सांगितलं, काका, नव्याने परीक्षा द्यावी लागेल, तोवर लर्निंग. भीतीपोटी मी ते सहा महिने पुढे ढकललं. शेवटी लर्निंग काढलं तोवर खंडेनवमी आली. बॉनेटवर तिने तिचं नवं कोरं लायसन्स मांडलं. मी कुंकवाचं बोट पुढे केलं तर तिने तारखेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, फोटोला लावा.

त्यानंतरच्या रविवारी त्याच कालव्याकडेच्या रस्त्यावर तिने गाडी थांबवली, उतरली आणि मला तिच्या जागी बसायला सांगितलं. पुढे-मागे मीच कापलेले लाल एल होते. समोर लांबवर उसाची ट्रॉली येताना दिसत होती आणि डाव्या हाताला पाणी वाहत होतं. क्लच सोडताना गाडी माझ्या हातून दोनदा बंद पडली. मी म्हणालो, राहू दे, पुढच्या रविवारी बघू. तिने पर्समधून तिचं लायसन्स काढलं, मला दिसेल असं समोर ठेवलं आणि पट्टा लावला.

"चला," ती म्हणाली, "मी आहे शेजारी."